मत फुटतं ते नेमकं कुठे?

अकरा मित्र सहलीला निघालेत. सहा जणांना समुद्र हवाय, पाच जणांना डोंगर. समुद्रवाल्यांनी अलिबाग सुचवलं, डोंगरवाल्यांनी महाबळेश्वर. हात वर करून मोजलं तर अलिबाग सहा, महाबळेश्वर पाच. ठरलं. तेवढ्यात एकजण म्हणतो, "अलिबागला तीच ती गर्दी, त्यापेक्षा हरिहरेश्वरला जाऊ." आणखी एकाला ते पटतं. आता पुन्हा मोजा: महाबळेश्वर पाच, अलिबाग चार, हरिहरेश्वर दोन. गाडी घाट चढायला लागते. समुद्र हवा असणारे अजूनही सहाच आहेत, कुणाचं मन बदललेलं नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही, आणि तरीही सगळे डोंगरावर.

निवडणुकीत याला मतविभागणी म्हणतात. आपल्याकडे बोलताना सरळच म्हणतात, "तो उभा राहिलाय मतं खायला." यात सगळा दोष तिसऱ्या उमेदवाराच्या माथी जातो, आणि मला ते फारसं पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सगळ्यात उपयोगाची आहे, कारण तिथे अपक्ष किंवा तिसऱ्या पक्षाचा उमेदवार दर काही वर्षांनी उभा राहतो आणि दर वेळी हाच वाद पेटतो.

आधी सहलीकडेच एकदा परत जाऊ. हरिहरेश्वर म्हणणारे ते दोघे. तो पर्याय आलाच नसता तर दोघांनी अलिबागला हात वर केला असता, असं आपण गृहीत धरलं. पण त्यातला एकजण कदाचित म्हणाला असता, "मग महाबळेश्वरच बरं, निदान हवा तरी थंड." आणि दुसरा म्हणाला असता, "मग तुम्ही जा, मी घरीच थांबतो." तिसऱ्या उमेदवाराची मतं ही अशी तीन खिशांतून आलेली असतात: पहिल्याकडून आलेली, दुसऱ्याकडून आलेली आणि एरवी घरी बसली असती अशी. कोणत्या खिशातून किती आली, हे कळल्याशिवाय त्याने कुणाला पाडलं हे सांगता येत नाही. नुसती त्याची मतं आणि पराभवाचं अंतर शेजारी शेजारी मांडून निष्कर्ष काढणं ही फार जुनी चूक आहे, आणि निकालाच्या रात्री टीव्हीवर ती हमखास होते.

आता अमेरिकेची पद्धत थोडक्यात. तिथले मतदार राष्ट्राध्यक्ष थेट निवडत नाहीत, ते आपल्या राज्यातले निर्वाचक निवडतात. एकूण निर्वाचक ५३८, जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये नियम असा की ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं काही निर्वाचक मतदारसंघानुसार देतात. सर्वांत जास्त म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हे. ३८ टक्के मिळाले आणि बाकीच्यांना त्याहून कमी, तर सगळेच्या सगळे निर्वाचक त्या ३८ टक्केवाल्याचे. म्हणजे सहलीचा तो हिशोब एकदा होत नाही, एकाच दिवशी पन्नास ठिकाणी वेगवेगळा होतो. ज्या राज्यात एक पक्ष वीस टक्क्यांनी पुढे आहे तिथे अपक्षाने पाच टक्के घेतले तरी काही हलत नाही. चुरशीच्या राज्यात मात्र अर्धा टक्कासुद्धा देशाचा निकाल फिरवू शकतो.

असं खरंच झालं ते २००० साली फ्लोरिडात. रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना २९,१२,७९० मतं, डेमोक्रॅट अल गोर यांना २९,१२,२५३. फरक ५३७. सुमारे साठ लाख मतदानात ५३७! फ्लोरिडाचे २५ निर्वाचक बुशकडे गेले, त्यांची बेरीज २७१ झाली आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, तिचा काही उपयोग झाला नाही.

त्याच फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं पडली. नेडर तेव्हा ग्रीन पार्टीचे उमेदवार होते (अपक्ष म्हणून ते पुढे २००४ आणि २००८ मध्ये लढले), पण मोजणीच्या गणितात लहान पक्ष आणि अपक्ष यांत काही फरक नसतो. ग्राहकांच्या हक्कांसाठी आणि मोटारींच्या सुरक्षिततेसाठी आयुष्य घातलेला हा माणूस, त्यामुळे त्याचे मतदार बुशपेक्षा गोरच्या जवळचे असणार हे उघड होतं. किती जवळचे? मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं होतं की नेडर नसते तर काय केलं असतं. देशभरातल्या नेडर मतदारांपैकी साधारण निम्मे म्हणाले गोर, पाचांतला एक म्हणाला बुश, आणि उरलेले म्हणाले आम्ही मतदानालाच आलो नसतो. तिन्ही खिसे इथे स्पष्ट दिसतात. आणि फरक इतका बारीक होता की निम्म्यांचीही गरज नव्हती. त्या ९७ हजारांतले सगळे मतदानाला आले असते आणि शंभरातले फक्त ५१ गोरकडे, ४९ बुशकडे गेले असते, तरी गोर दीड हजाराच्या आसपास मतांनी पुढे गेले असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नेडर उभे नसते तर फ्लोरिडा गोर यांनी जिंकलं असतं. न्यू हॅम्पशायरमध्येही तेच दिसतं. तिथे बुश ७,२११ मतांनी जिंकले आणि नेडर यांना २२ हजारांहून जास्त मतं होती. ते छोटं राज्य, चार निर्वाचकांचं, गोर यांना मिळालं असतं तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती.

पण इथेच थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्याच फ्लोरिडात सोशालिस्ट वर्कर्स पार्टी नावाच्या एका इवल्याशा पक्षाच्या उमेदवाराला ५६२ मतं मिळाली होती. तीही ५३७ पेक्षा जास्तच. मग गोर यांना त्याने पाडलं म्हणायचं का? आणि पाम बीच काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मतपत्रिका? तिथे उमेदवारांची नावं दोन पानांवर समोरासमोर छापली होती आणि भोकं पाडायची जागा मध्ये होती. कुठल्या नावासमोरचं भोक कोणतं याचा गोंधळ उडून गोर यांची बरीच मतं पॅट ब्यूकॅनन या कडव्या उजव्या उमेदवाराला गेली, असं मानायला भक्कम आधार आहे. एका काउंटीत ब्यूकॅनन यांना ३,४०७ मतं पडली, आणि यातली बरीचशी आपली नसावीत असं खुद्द त्यांनीच सांगितलं. शिवाय मतदारयादीत डेमोक्रॅट म्हणून नोंद असूनही बुशना मत देणारे फ्लोरिडात नेडर यांच्या एकूण मतदारांहून जास्त होते. अंतर ५३७ असतं तेव्हा प्रत्येक लहान गोष्ट एकट्याने निकाल फिरवू शकते. नेडर हे त्यातलं एक कारण, एकमेव कारण नव्हे.

पाम बीचबद्दल वाचताना मला रायगड आठवतो. २०१४ च्या लोकसभेला तिथे अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्षही उभे होते आणि त्यांना साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली. मतं विचारांमुळेच फुटतात असं नाही. कधी छपाईने फुटतात, कधी नावाने.

आता खऱ्या अर्थाने अपक्ष असलेल्या माणसाकडे येऊ. १९९२. रॉस पेरो, टेक्सासचे अब्जाधीश. पक्ष नाही, पाठीशी संघटना नाही, पण स्वतःचे सहा कोटींहून जास्त डॉलर खर्च करायची तयारी. अर्ध्या अर्ध्या तासाचा वेळ टीव्हीवर विकत घेऊन ते हातात तक्ते धरून सरकारी कर्ज आणि तुटीचं गणित लोकांना समजावत, आणि लोक ते खरंच बसून बघत. जूनमध्ये गॅलप या संस्थेच्या मतदारपाहणीत ते ३९ टक्क्यांवर होते. सत्तेवर असलेले रिपब्लिकन थोरले बुश ३१, डेमोक्रॅट बिल क्लिंटन २५. आधुनिक काळात कुठलाही अपक्ष इतका पुढे गेलेला नाही. मग १६ जुलैला त्यांनी अचानक माघार घेतली आणि १ ऑक्टोबरला पुन्हा मैदानात उतरले. शेवटी त्यांना जवळजवळ १९ टक्के, म्हणजे १ कोटी ९७ लाख मतं मिळाली. क्लिंटन ४३ टक्के, बुश ३७ टक्क्यांच्या थोडे वर.

हे आकडे बघून कुणीही म्हणेल की बुशना पेरो यांनी पाडलं. पेरो टेक्सासचे, धंदेवाले, कर्जाविरुद्ध बोलणारे, म्हणजे मतं रिपब्लिकनांचीच खाल्ली असणार. ४३ आणि ३७ मधलं अंतर सहाचं, आणि पेरोंकडे १९. हा समज आजही पक्का बसलेला आहे. पण मतदान करून आलेल्या पेरो मतदारांना विचारलं तेव्हा जवळपास ३८ टक्के म्हणाले नाहीतर क्लिंटन, ३८ टक्के म्हणाले नाहीतर बुश, आणि बाकीचे म्हणाले नाहीतर घरीच. तराजूची दोन्ही पारडी सारखी. आणि याहून भक्कम पुरावा त्या उन्हाळ्यातच आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पेरो शर्यतीत नव्हतेच. अडीच महिने अमेरिकेत नेमकी तीच दुरंगी लढत चालू होती जिची आपण कल्पना करतोय. त्या अडीच महिन्यांत आघाडीवर क्लिंटनच होते, आणि चांगल्या फरकाने. मतविभागणीच्या वादात असा प्रयोग सहसा करून बघता येत नाही. इथे पेरोंनी नकळत करून दाखवला.

मग पेरो यांनी काहीच केलं नाही का? केलं, पण ते मतमोजणीत पकडता येत नाही. सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षावर महिनोन्‌महिने टीका करणारा आणखी एक आवाज आला, तूट हा प्रचाराचा मुख्य मुद्दा झाला, चर्चेचा सूर बदलला. मतं खाणं आणि प्रचार बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि त्यांना स्वतःला काय मिळालं? शून्य निर्वाचक. मेनमध्ये ते बुश यांच्या पुढे दुसरे आले, युटामध्ये क्लिंटन यांच्या पुढे दुसरे आले, पण दुसऱ्याला तिथे काही मिळत नाही. त्या वर्षी अर्कान्सा हे एकच राज्य असं होतं जिथे कुणा एका उमेदवाराला निम्म्याहून जास्त मतं पडली. क्लिंटन तिथलेच गव्हर्नर होते. बाकीची सगळी ४९ राज्यं निम्म्याहून कमी मतांवर जिंकली गेली.

याच्या शेजारी १९१२ ठेवा, म्हणजे खरी मतविभागणी कशी दिसते ते कळेल. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांनीच पुढे आणलेले, तेव्हा सत्तेवर असलेले विल्यम टॅफ्ट यांचं बिनसलं. रिपब्लिकन अधिवेशनात उमेदवारी टॅफ्टकडे गेली, तेव्हा रूझवेल्ट बाहेर पडून स्वतःच्या नव्या पक्षातर्फे उभे राहिले. रूझवेल्ट २७.४ टक्के, टॅफ्ट २३.२ टक्के. बेरीज पन्नासच्या वर. डेमोक्रॅट वुड्रो विल्सन ४१.८ टक्क्यांवर होते आणि ५३१ पैकी ४३५ निर्वाचक घेऊन गेले. इथे तिसरी मतं कुठून आली याचा शोध घ्यायचीही फार गरज नाही. एकाच घरातल्या दोन भावांनी वाटणी मागितली आणि शेजारी घरात शिरला.

तिसरा प्रकार अगदी वेगळा. १९६८ मध्ये अलाबामाचे जॉर्ज वॉलेस वर्णभेदाच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. त्यांना साडेतेरा टक्के मतं पडली, पेरोंपेक्षा कमी, पण निर्वाचक ४६ मिळाले. कारण त्यांची मतं दक्षिणेत एकवटलेली होती आणि त्यांनी पाच राज्यं सरळ जिंकली. पेरोंची मतं देशभर पातळ पसरलेली होती. आपल्याकडेही हे दिसतं: राज्यभर विखुरलेली मतं असलेला पक्ष हात हलवत परततो, आणि दोन तालुक्यांत दबदबा असलेला अपक्ष विधानसभेत बसतो. वॉलेस यांना जिंकायचं नव्हतंच. कुणालाच २७० गाठू द्यायचे नाहीत आणि मग सौदा करायचा, हा त्यांचा हिशोब होता. कुणालाच बहुमत नसेल तर पहिल्या तिघांतून निवड प्रतिनिधी सभागृह (आपल्या लोकसभेसारखं) करतं, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. कॅलिफोर्नियालाही एक आणि चिमुकल्या वायोमिंगलाही एक. २६ राज्यं ज्याच्या मागे, तो राष्ट्राध्यक्ष. असं शेवटचं घडलं ते १८२४ च्या निवडणुकीनंतर, जेव्हा अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वांत जास्त मतं आणि सर्वांत जास्त निर्वाचक असूनही सभागृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडलं. १९६८ मध्ये रिपब्लिकन रिचर्ड निक्सन ३०१ पर्यंत पोचले आणि वॉलेस यांचा डाव फसला.

मतं कोणत्या खिशातून येतात हे उमेदवाराच्या आडनावावरून सांगता येत नाही, हे २०२४ मध्ये पुन्हा दिसलं. रॉबर्ट केनेडी ज्युनियर डेमोक्रॅट घराण्यातले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते अपक्ष झाले तेव्हा बायडेन यांच्या गोटात काळजी पसरली. हळूहळू दिसायला लागलं की त्यांची लसविरोधी भूमिका आणि सरकारी यंत्रणेवरचा अविश्वास ट्रम्प यांच्या मतदारांना जास्त जवळचा वाटतोय, मग काळजी दुसऱ्या गोटात गेली. २३ ऑगस्ट २०२४ ला केनेडी थांबले आणि त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला. पुढचा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो: चुरशीच्या राज्यांतल्या मतपत्रिकांवरून आपलं नाव काढावं म्हणून ते धडपडले, कारण तिथे त्यांच्या नावावर पडणारं मत ट्रम्प यांचं कमी होणार होतं. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये नाव निघालं नाही, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथेही नकार आला. ज्या मतपत्रिकेवर नाव यावं म्हणून अपक्षाला एकेका राज्यात हजारो सह्या गोळा कराव्या लागतात, तिच्यावरून नाव निघावं म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली.

या सगळ्यात एक परिणाम कधीच निकालपत्रात दिसत नाही. बहुतेक मतविभागणी मतदानाआधीच मिटलेली असते. मतदार विचार करतो, "मला हा अपक्ष आवडतो, पण हा काही निवडून येत नाही, मग मत वाया घालवून नको तो निवडून आणू का?" आणि तो मन मारून दोघांपैकी कमी वाईट वाटणाऱ्याला मत देतो. म्हणून अपक्षाचे आकडे उन्हाळ्यात वर असतात आणि नोव्हेंबर जवळ आला की ओसरतात. जॉन अँडरसन १९८० मध्ये पाहण्यांत एकदा वीसच्या पुढे होते, शेवटी ६.६ टक्के उरले. त्यात वादचर्चेचा अडसर: २००० पासून बरीच वर्षं टीव्हीवरच्या मोठ्या चर्चेत शिरायला पाहण्यांमध्ये १५ टक्के लागत, आणि चर्चेत दिसल्याशिवाय १५ टक्के होणं जवळपास अशक्य. पेरो १९९२ मध्ये चर्चेत होते. १९९६ मध्ये त्यांना बाहेर ठेवलं, आणि त्यांची मतं निम्म्याहून खाली आली.

मला त्या मन मारून मत देणाऱ्या माणसाबद्दल फार वाटतं. त्याचं म्हणणं इतकं साधं आहे: "मला हा हवा, तो नसेल तर तो दुसरा चालेल, तिसरा मात्र नको." एवढं एक वाक्य मतपत्रिकेवर लिहायची सोय नाही, म्हणून त्याला खोटं मत द्यावं लागतं. मतपत्रिका त्याला एकच प्रश्न विचारते, आणि मत फुटतं ते तिथे.

दुसरा प्रश्न विचारायच्या पद्धती आहेत. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नसेल तर पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान होतं. बरं वाटतं, पण पहिली फेरी फुटू शकतेच. २००२ मध्ये १६ उमेदवार होते. डाव्यांची मतं इतक्या जणांत वाटली गेली की त्यांचे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर अडकले आणि अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन १६.८६ टक्क्यांवर दुसरे आले. दुसऱ्या फेरीत डाव्या मतदारांना पहिल्या आलेल्या उजव्या ज्याक शिराक यांनाच मत देणं भाग पडलं, आणि शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले.

दुसरी पद्धत म्हणजे एकाच मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला जातात. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०१६ मध्ये जनमत घेऊन ती आणली, कारण २०१० मध्ये त्यांचा गव्हर्नर ३८ टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आला होता आणि एक अपक्ष जेमतेम दोन टक्क्यांनी मागे होता. राष्ट्राध्यक्षपदासाठी ती पद्धत तिथे २०२० पासून आहे.

मेनच्या कितीतरी आधी ती दिल्लीत होती. आपल्या राष्ट्रपतीची निवडणूक नेमकी याच पद्धतीने होते, आणि १९६९ मध्ये तिची खरी कसोटी लागली. डॉ. झाकिर हुसेन यांचं ३ मे रोजी पदावर असतानाच निधन झालं. काँग्रेसने अधिकृत उमेदवारी नीलम संजीव रेड्डी यांना दिली, पंतप्रधान इंदिरा गांधींना ते नको होते. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले, आणि इंदिराजींनी खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यायला सांगितलं. म्हणजे अपक्षाने सत्ताधारी पक्षाचीच मतं फोडण्याचा सरळ प्रकार. आणि तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी होते.

पहिल्या पसंतीची मोजणी झाली (आकडे मोठे आहेत कारण प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक मूल्य असतं): गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. एकूण १५ उमेदवार होते, पण बाकीच्यांची मतं नाममात्र. जिंकायला ४,१८,१६९ हवे होते. अमेरिकेसारखी मोजणी असती तर इथेच खेळ संपला असता आणि पुढची पन्नास वर्षं लोक म्हणत राहिले असते की देशमुखांनी रेड्डींना पाडलं. पण इथे मतपत्रिकेवर दुसरा प्रश्न विचारलेला होता. देशमुख बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका पुन्हा उघडल्या. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने दुसरी पसंती रेड्डींना द्यायचं ठरवलं होतं, आणि तसंच झालं. बाद झालेल्या सगळ्यांकडून रेड्डींना ९१,८७९ मूल्याची मतं आली, गिरींना फक्त १८,५६२. सुमारे ८८ हजारांचं अंतर १४,६५० वर आलं. शेवटचा आकडा: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरी मर्यादेच्या जेमतेम १,९०८ पुढे गेले.

निकाल तोच राहिला, पण वादाचा एक दरवाजा बंद झाला. देशमुखांना मत देणाऱ्या कुणालाही मत वाया गेल्याची हळहळ करावी लागली नाही. त्याचं पहिलं मनही मोजलं गेलं आणि दुसरंही. रेड्डी हरले ते त्यांच्याच पक्षातून फुटलेल्या मतांमुळे, देशमुखांमुळे नाही, हे आकड्यांत लिहून ठेवलेलं आहे. काही महिन्यांत काँग्रेसच दुभंगली, त्यामागे हाच ताण होता.

मात्र प्रश्न छापलेला असला तरी उत्तर लिहावं लागतं. १९६९ चे मतदार खासदार-आमदार होते, त्यांना पसंतीक्रमाची किंमत नीट माहीत होती. सामान्य मतदारांचं काय होतं ते सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेत दिसलं. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते आणि मतदाराला तीन पसंती देता येतात. अनुरा कुमार दिसानायके ४२.३ टक्के, सजित प्रेमदासा ३२.८ टक्के, आणि सत्तेवर असलेले रनिल विक्रमसिंघे, जे अपक्ष म्हणून लढत होते, १७.३ टक्के. कुणालाच निम्म्याहून जास्त नाही. देशाच्या इतिहासात पहिल्यांदा दुसरी पसंती मोजायची वेळ आली. विक्रमसिंघे आणि बाकीचे बाद झाले, त्यांच्या मिळून सुमारे ३३ लाख मतपत्रिका पुन्हा तपासायला निघाल्या. त्यांतून दिसानायके यांना १,०५,२६४ आणि प्रेमदासा यांना १,६७,८६७ मतं मिळाली. दोन्ही मिळून पावणेतीन लाख. उरलेल्या तीस लाख मतपत्रिका त्या दोघांपैकी कुणाच्याच कामी आल्या नाहीत. बहुतेकांवर पहिल्या खुणेनंतर काहीच लिहिलेलं नव्हतं.